पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा कधी?

मुंबईत वा पुण्यात मेट्रोचा एखादा नवा टप्पा पूर्ण होत आला, की वृत्तपत्रांतून एक वाक्य हमखास वाचावयास मिळते : रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी झाल्यावर मार्ग प्रवाशांसाठी खुला होईल. त्यानंतर त्या आयुक्तांचे नाव निघते ते थेट एखादा भीषण अपघात घडल्यावर. रुळांवर डब्यांचा खच पडलेला असतो, मंत्री भरपाई जाहीर करून परतलेले असतात, आणि बातमीच्या अखेरीस एक ओळ असते : अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे सोपविण्यात आली आहे. मार्गाचा जन्म आणि प्रवाशांचा मृत्यू, या दोनच प्रसंगी ज्याची आठवण होते तो हा अधिकारी मधल्या काळात काय करतो, त्याच्या हाती कोणते अधिकार आहेत आणि त्याने लिहून ठेवलेल्या शब्दांचे पुढे काय होते, याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः रेल्वेच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा बव्हंशी या मधल्या काळाचाच प्रश्न आहे.

अपघाताची चौकशी कशासाठी करावयाची, याचे उत्तर मराठीतील एका जुन्या म्हणीत सामावलेले आहे : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. जे मेले त्यांना कोणताही अहवाल परत आणू शकत नाही. परंतु उद्या त्याच मार्गावरून जाणाऱ्याचा प्राण त्याने वाचावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मात्र या म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे. पुढच्यास ठेच लागली हे मागच्यास कळले पाहिजे, आणि कळल्यावर त्याने पाऊल बदलले पाहिजे. भारतीय रेल्वेच्या बाबतीत ही अट पुरी होते का?

बिहट्याचा धडा

रेल्वे चालविणाऱ्याने स्वतःच स्वतःवर देखरेख ठेवू नये, हे तत्त्व आपल्याकडे काही नवे नाही. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये पाटण्याजवळील बिहटा येथे हावड्याकडे जाणारी एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत संशयाची सुई ‘एक्स बी’ जातीच्या पॅसिफिक इंजिनांकडे वळली. ही इंजिने वेगात असता डोलत आणि त्यांच्या धक्क्यांनी रुळांची ठेवण बिघडे. इंजिने खरेदी करण्याचे धोरण रेल्वे बोर्डाच्या देखरेखीखाली आखलेले. आणि रेल्वेची तपासणी करणारे सरकारी निरीक्षकही त्याच बोर्डाच्या हाताखालचे. ज्याने वस्तू निवडली त्याच्याच नोकराने तिचे दोष दाखवावे, अशी ही विचित्र व्यवस्था होती.

या इंजिनांचा विचार करण्यासाठी ब्रिटिश रेल्वे निरीक्षणालयातील ज्येष्ठ अधिकारी कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमण्यात आली, तिने १९३९ साली इंजिनांबरोबरच या व्यवस्थेवरही बोट ठेवले. निरीक्षक बोर्डापासून अलग असावेत, हा विचार पुढे केंद्रीय विधिमंडळाने उचलून धरला आणि मे १९४१ मध्ये निरीक्षकांचे खाते बोर्डाच्या कक्षेतून काढून टपाल व हवाई खात्याच्या हवाली करण्यात आले. देशात परकी सत्ता होती आणि युद्ध चालू होते; तरीही ही सुधारणा झाली, हे नमूद करण्यासारखे आहे. पुढे १९६१ साली या खात्यास ‘रेल्वे सुरक्षा आयोग’ हे नाव मिळाले. आजही हा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. रेल्वेच्या आयुक्ताचा पगार विमानाच्या मंत्रालयातून का निघतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बिहट्याच्या रुळांवर सापडते.

तत्त्व मान्य झाले ते असे. परंतु तत्त्व मान्य करणे वेगळे आणि ते पेलण्याइतके बळ देणे वेगळे.

लेखणी आहे, लगाम नाही

१९८९ च्या रेल्वे कायद्याने आयुक्तांची कर्तव्ये नेमून दिली आहेत. प्रवासी वाहतुकीसाठी नवा मार्ग खुला करण्यापूर्वी तो तपासणे, चालू मार्गांची वेळोवेळी पाहणी करणे आणि अपघातांची कारणे शोधणे, ही त्यांपैकी मुख्य. यांतील पहिल्या कामात आयुक्तांच्या शब्दाला वजन आहे. त्यांची तपासणी होऊन मंजुरी मिळाल्यावाचून नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नाही. परंतु एकदा का मार्ग सुरू झाला, की हे वजन झपाट्याने उतरते. चालू मार्गात त्यांना दोष आढळला तर ते लिहून कळवू शकतात. मार्ग धोक्याचा वाटला तर तसा अहवाल केंद्र सरकारला देऊ शकतात. पण तो बंद ठेवण्याचा निर्णय सरकारच्या हाती. अपघातानंतर ते शिफारशी करतात. त्या स्वीकारावयाच्या की नाकारावयाच्या, स्वीकारल्या तर केव्हा अमलात आणावयाच्या, हे ठरविते रेल्वेच. शिवाय आयुक्त येतात ते रेल्वेच्याच सेवेतून. त्यामुळे रेल्वेचे अंतरंग त्यांना ठाऊक असते हा लाभ खरा. परंतु ज्यांच्या सहवासात उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्याच चुकांवर बोट ठेवण्याचे अवघड कामही त्यांच्या वाट्यास येते.

अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात या दुखण्याचे निदान स्पष्ट शब्दांत केलेले आहे. नियम करणारा, गाड्या चालविणारा आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा, या तिन्ही भूमिका रेल्वे बोर्डच वठवीत आहे आणि प्रत्यक्ष दैनंदिन कारभारात सुरक्षा आयुक्तांचे स्थान नगण्य आहे, असा त्या निदानाचा आशय होता. म्हणजे १९४१ साली पहारेकऱ्याचे घर तेवढे बदलले. शेताच्या चाव्या मात्र जुन्याच हाती राहिल्या. उपाय म्हणून समितीने संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले, बोर्डापासून स्वतंत्र आणि पुरेसे अधिकार असलेले रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचविले आणि आयोगास बळकट करून त्या प्राधिकरणाशी जोडावे असे म्हटले. त्या अहवालातील पैशाची बाब सरकारने काही अंशी मनावर घेतली. २०१७-१८ पासून एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष उभारण्यात आला. अधिकाराची बाब मात्र फायलीतच राहिली. पैसा देणे सोपे असते; अधिकार सोडणे अवघड.

आणि पैशापाठोपाठ देखरेख आपोआप येत नाही, हेही लवकरच दिसून आले. गाड्या रुळांवरून घसरण्याच्या घटनांविषयी महालेखापरीक्षकांनी २०२२ साली संसदेस सादर केलेल्या अहवालात, रुळांची स्थिती मोजणाऱ्या विशेष गाड्यांच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा तीस टक्क्यांपासून थेट शंभर टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे नोंदविले आहे. शंभर टक्के कमी, याचा साध्या मराठीत अर्थ असा, की काही ठिकाणी ही तपासणी झालीच नाही.

कानावर न पडलेली ठेच

२ जून २०२३ च्या सायंकाळी ओडिशातील बालेश्वर जिल्ह्यात बाहानगा बाजार स्थानकावर काय घडले, हे अद्याप कोणी विसरलेले नाही. मुख्य मार्गासाठी सिग्नल हिरवा होता; सांधे मात्र बगलेच्या लूप मार्गाकडे वळलेले होते. पूर्ण वेगातील कोरोमंडल एक्सप्रेस त्या मार्गावर शिरून उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे शेजारून जाणाऱ्या हावड्याच्या गाडीवर कोसळले आणि सुमारे तीनशे प्रवासी प्राणास मुकले. इंजिनचालकाची काहीही चूक नव्हती. त्याने सिग्नलवर विश्वास ठेवला. सिग्नलच खोटे बोलला.

सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले ते असे : स्थानकाजवळच्या सिग्नलच्या गुमटीत पूर्वी केव्हातरी तारांच्या जोडणीत फेरबदल करताना चूक राहिली होती, आणि अपघाताच्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम चालू असता त्या जुन्या चुकीत नव्या चुकीची भर पडली. परंतु अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग याच्याही पुढचा आहे. याच रेल्वेच्या खरगपूर विभागात बांकरा नयाबाज स्थानकावर १६ मे २०२२ रोजी, म्हणजे एक वर्षाहून अधिक काळ आधी, चुकीच्या जोडणीमुळे अशाच तऱ्हेचा प्रकार घडला होता. त्यानंतर योग्य ती दुरुस्तीची पावले उचलली गेली असती, तर बाहानग्याचा अपघात टळला असता, असा आयुक्तांचा निष्कर्ष आहे.

एवढेच नव्हे. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकातील होसदुर्ग रोड स्थानकावर संपर्क क्रांती एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर जाण्याच्या बेतात होती. चालकाच्या सावधपणामुळेच ती थांबली. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लगोलग पत्र लिहून सिग्नल यंत्रणेतील या धोक्याची जाणीव दिली होती. बालेश्वरचा अपघात त्यानंतर चार महिन्यांच्या आत झाला.

पुढच्यास एकदा नव्हे, दोनदा ठेच लागली होती. पण दोन्ही वेळा कोणी मेले नाही. म्हणून त्या ठेचांचा आवाज झाला नाही. जेथे प्राणहानी किंवा तशीच गंभीर हानी झाली नाही तेथे आयुक्तांची चौकशी बंधनकारक नाही, आणि जेथे बाहेरच्याची चौकशी नाही तेथे प्रकरण खात्याच्या चार भिंतींत मिटते. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ असे आपण म्हणतो. येथे तर म्हातारी वाचली आणि त्यामुळेच काळ सोकावला. थोडक्यात टळलेला अपघात हा सुरक्षेच्या शास्त्रात फुकट मिळालेला धडा मानला जातो. आपल्या व्यवस्थेने तो धडा न वाचताच मिटून ठेवला आणि नंतर त्याची किंमत तीनशे प्राणांनी मोजली.

मृत चालक आणि जिवंत व्यवस्था

स्वतंत्र चौकशीचे मोल काय, हे त्यानंतरच्या वर्षी पुन्हा दिसले. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपायगुडीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. त्याच दिवशी, ढिगारे उपसण्याचे काम चालू असतानाच, मालगाडीच्या चालकाने सिग्नल ओलांडल्यामुळे अपघात झाला, असे रेल्वेच्या सर्वोच्च पातळीवरून सांगण्यात आले. तो चालक अपघातात मृत्यू पावला होता. स्वतःची बाजू मांडण्यास तो उरला नव्हता.

मग आयुक्तांची चौकशी झाली आणि चित्र पालटले. त्या सकाळपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते. बंद सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना चालकाच्या हाती स्थानकावरूनच देण्यात आला होता. त्यात वेगाची मर्यादा घातलेली नव्हती. आणि मुख्य म्हणजे, त्या सकाळी त्याच टप्प्यातून गेलेल्या बहुतेक गाड्यांच्या चालकांनी अशा प्रसंगी पाळावयाचा मंद गतीचा नियम पाळला नव्हता; तो पाळणाऱ्यांत अपघातग्रस्त कांचनजंगाच होती. एकाने नियम मोडला तर तो त्याचा दोष. पण जवळजवळ सर्वांकडूनच तो मोडला जात असेल, तर तो नियम शिकविणाऱ्यांचा आणि राबविणाऱ्यांचा दोष होय. आयुक्तांनी हा अपघात केव्हातरी व्हावयाचाच होता, अशा अर्थाचा अभिप्राय दिला, तो यामुळेच.

ही चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्याने केली नसती, तर एका मृत माणसाच्या कपाळी दोषाचा टिळा लावून प्रकरण संपले असते. आणि सिग्नल पुन्हा बिघडले असते तेव्हा तसाच परवाना घेऊन दुसरी गाडी त्याच वेगाने निघाली असती. व्यक्तीला शिक्षा केल्याने व्यवस्था सुधारत नाही, ही गोष्ट खालच्या बाजूस जितकी खरी तितकीच वरच्या बाजूसही. १९५६ साली अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. १९९९ साली गैसलच्या अपघातानंतर नितीशकुमार यांनी ते सोडले. लोकशाहीत अशा नैतिक जबाबदारीला मोल आहे आणि शास्त्रींचे उदाहरण आदराने सांगितले जाते ते योग्यच आहे. परंतु राजीनाम्याने सांधे जुळत नाहीत. मंत्री गेला तरी बोर्ड राहते, आणि बोर्डाच्या कपाटातील शिफारशीही राहतात.

व्याख्येबाहेरचे मृत्यू

मुंबईकर वाचकाच्या मनात येथे एक निराळाच प्रश्न उभा राहील. रोज सकाळी डोंबिवलीहून, विरारहून किंवा पनवेलहून दाराच्या दांडीला लोंबकळत कचेरी गाठणाऱ्या कारकुनाच्या जिवाची देखरेख कोण करतो? काकोडकर समितीने रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंची संख्या देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार सांगितली आणि त्यांपैकी सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचे असल्याचे नमूद केले. कोणताही सुसंस्कृत समाज अशी कत्तल मान्य करणार नाही, अशा तीव्र शब्दांत समितीने आपली वेदना मांडली होती. पुढे ही संख्या घटली. पूल झाले, कुंपणे झाली, सरकते जिने आले. तरीही २०२३ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर मरण पावलेल्यांची संख्या अडीच हजारांच्या वर होती. म्हणजे बालेश्वरसारखे आठ अपघात, एकाच वर्षात, एकाच शहरात. आणि तेही कोणत्याही मथळ्यावाचून.

या मृत्यूंची सुरक्षा आयुक्तांकडून चौकशी होत नाही, कारण कायद्याने त्यांच्यावर बंधन घातले आहे ते प्रवासी गाडीला झालेल्या गंभीर अपघाताच्या चौकशीचे. माणूस गाडीतून पडला तर गाडीला अपघात होत नाही. ती पुढच्या स्थानकावर वेळेवर पोहोचते. इतर अपघातांची चौकशी करण्याची मुभा आयुक्तांना आहे, सक्ती नाही. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, तेव्हा त्याची चौकशी सुरक्षा आयुक्तांनी केली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ प्रवासी गुदमरून मेले, तेव्हा चौकशी केली ती रेल्वेनेच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ वळणावर गर्दीच्या दोन लोकलमधून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हाही मध्य रेल्वेने आपल्याच अधिकाऱ्यांची समिती नेमली. पूल पडला तर बाहेरचा परीक्षक येतो. पूल उभा राहिला आणि माणसे पडली, तर घरचाच. या भेदात कोणते तर्कशास्त्र आहे?

गर्दीने होणारे मृत्यू हे वाहतुकीचे वेळापत्रक, फलाटांची रुंदी, डब्यांची रचना आणि पुलांची संख्या यांच्याशी निगडित आहेत. म्हणजेच ते रेल्वेच्या निर्णयांशी निगडित आहेत. प्रवाशाच्या बेफिकिरीचा वाटा त्यात असेलही. परंतु तो वाटा किती आणि निर्णयांचा किती, हे ठरविण्याचे काम निर्णय घेणाऱ्यावरच सोपविले, तर निवाडा काय येईल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

लेखणीची शक्ती

मग आयुक्ताच्या हाती सर्व सत्ता द्यावी काय? त्याने वाटेल तेव्हा गाड्या थांबवाव्यात काय? रेल्वेचे अधिकारी असा आक्षेप घेतात आणि तो अगदीच उडवून लावण्याजोगा नाही. एका अतिसावध अधिकाऱ्याच्या सहीवाचून मालगाड्या खोळंबल्या, तर वीजकेंद्रांचा कोळसाही खोळंबेल. अपघातांची संख्या घटली आहे, हेही मान्य केले पाहिजे. सरकारी गणनेनुसार २०१४-१५ साली गंभीर स्वरूपाचे १३५ रेल्वे अपघात झाले; २०२३-२४ साली ४०. ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत नाहीशी करण्यात आली. त्यामुळे कित्येक प्राण वाचले. हे श्रेय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचे आणि अभियंत्यांचे आहे व ते त्यांना दिलेच पाहिजे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष देखरेख सैल करण्याचा नाही. अपघात विरळ होत जातात तसतसे उरलेले दोष अधिक खोल दडतात; तारांच्या जोडणीत ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि एके दिवशी शेकडो बळी घेतात. असे दोष शोधावयास अपघाताची वाट पाहणे परवडत नाही.

शिवाय देखरेखीची खरी शक्ती हुकमात असते असेही नाही. ब्रिटनमध्ये रेल्वे निरीक्षणालय १८४० साली सुरू झाले, तेव्हा चालू मार्गांवर हुकूम सोडण्याची सत्ता निरीक्षकांच्या हाती जवळजवळ नव्हतीच. त्यांनी एकच गोष्ट केली : अपघातामागून अपघाताचे अहवाल लिहिले, आणि ते प्रसिद्ध झाले. दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतर राखणारी पद्धत, सांधे व सिग्नल यांची परस्परांत गुंतवण आणि आपोआप लागणारे अखंड ब्रेक, या तीन गोष्टींचा आग्रह ते वर्षानुवर्षे धरीत राहिले. कंपन्या खर्चाचे कारण सांगून टाळाटाळ करीत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेल्या गाडीचे डबे चढावरून मागे घरंगळले आणि सुमारे ८० जण मेले, तेव्हा उपाय काय हे नव्याने शोधण्याची गरजच उरली नव्हती. तो प्रसिद्ध अहवालांत तयार होता. त्याच वर्षी कायदा होऊन तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या.

तरीही विस्मरण सुटले नाही. १९९९ साली लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ३१ जण मेले, तेव्हा आढळले की अपघातास कारण ठरलेला सिग्नल त्यापूर्वीच्या सहा वर्षांत आठ वेळा धोक्याच्या स्थितीत ओलांडला गेला होता. त्यानंतर ब्रिटनने केवळ चौकशीसाठी एक वेगळी संस्था उभारली. २००५ पासून ती काम करते. दोषी ठरविणे हे तिचे काम नव्हे, कारणे शोधून ती जाहीर करणे हे तिचे काम. आणि शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेब रेल्वेवरील नियामकाने तिला द्यावयाचा असतो.

आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी येथे. आयोगाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जावा असे कायदा सांगतो. परंतु प्रत्येक मोठ्या अपघाताचा संपूर्ण अहवाल ठरलेल्या मुदतीत जनतेपुढे यावा, ही प्रथा रुजलेली नाही. बालेश्वरच्या अहवालातील निष्कर्षांचा सारांश संसदेत सांगण्यात आला. बाकीचे देशाला कळले ते बातमीदारांच्या खटपटीने. याउलट जून २०२५ मध्ये अहमदाबादेस विमान कोसळले, तेव्हा प्राथमिक अहवाल महिनाभरात प्रसिद्ध झाला. त्यावर वाद झाले, शंका निघाल्या. पण वाद घालण्यासाठी लोकांच्या हाती कागद तरी होता. गंमत अशी, की विमान अपघातांची चौकशी करणारी संस्था आणि रेल्वे सुरक्षा आयोग ही दोन्ही एकाच मंत्रालयाची अपत्ये आहेत. विमानाने जाणाऱ्याला जे कळण्याचा हक्क आहे, तो दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून जाणाऱ्याला का नसावा?

तीन साध्या गोष्टी

सरकारने काकोडकर समितीचे प्राधिकरण आज ना उद्या उभारले पाहिजे, यात शंका नाही. नियम करणारा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा एकच असू नये, हे तत्त्व १९४१ सालीच मान्य झालेले आहे. परंतु ते होईपर्यंतही तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिली, आयुक्तांचा प्रत्येक अंतिम अहवाल ठराविक मुदतीत पूर्णपणे प्रसिद्ध व्हावा. फौजदारी तपास चालू आहे, ही सबब त्याला आडवी येऊ नये. दुसरी, प्रत्येक शिफारशीवर रेल्वेने काय केले आणि नाकारली असेल तर का नाकारली, याचा तक्ता दरवर्षी संसदेपुढे ठेवला जावा. नाकारण्याचा अधिकार रेल्वेस असू द्या. पण मुक्याने नाकारण्याचा नको. तिसरी, सिग्नल आणि सांधे यांच्यातील विसंगतीची प्रत्येक घटना, मग त्यात कोणाला ओरखडाही आलेला नसो, आयुक्तांना कळविणे बंधनकारक असावे. आणि उपनगरी मार्गांवर गर्दीने होणारे मृत्यू त्यांच्या नियमित तपासणीच्या कक्षेत आणावेत. अर्थात त्यासाठी आयोगास माणसे द्यावी लागतील. पहाऱ्याचा मुलूख वाढवावयाचा आणि पहारेकरी तेवढेच ठेवावयाचे, हा शहाणपणा नव्हे.

‘कवच’सारखी स्वदेशी यंत्रणा मार्गांवर बसविली जात आहे, ती स्वागतार्हच आहे. दोन गाड्या एकमेकींवर आदळण्याचे कित्येक प्रसंग ती टाळील. परंतु यंत्राच्या तारा माणसाच्याच हातांनी जोडावयाच्या असतात, आणि ते हात बरोबर चालले की नाहीत हे पाहणारे दुसरे डोळे लागतात. बाहानग्याच्या गुमटीतही यंत्र होतेच.

रोज दोन कोटींच्या घरात माणसे या देशात रेल्वेने प्रवास करतात. गाडीत बसताना त्यांपैकी कोणीही सांधे तपासत नाही, सिग्नलच्या तारा मोजत नाही, चालकाच्या हातातील परवाना वाचत नाही. तो हे सारे कोणावर तरी सोपवून वर्तमानपत्र उघडतो, नाही तर डोळे मिटतो. या विश्वासाची राखण करण्यासाठी नेमलेला माणूस आपल्याकडे आहे. त्याला स्वतंत्र घर दिलेले आहे, लेखणीही दिलेली आहे. त्याने काय लिहिले ते वाचण्याची आणि वाचून काय केले ते सांगण्याची सक्ती तेवढी कोणावर नाही. ती सक्ती जोवर होत नाही, तोवर पुढच्यास लागलेली ठेच मागच्याच्याही नशिबी येत राहील.